निळ्या टोपणाची नळी

सन २०४८ मध्ये सांगलीच्या प्राणिसंग्रहालयात जायचं ठरवणं म्हणजे लग्न ठरवण्याहून किचकट काम होतं. लग्नात निदान घरच्या म्हाताऱ्याचा श्वास कोणी नळीत भरून मागवत नाही. इथं मागवत होते.

रंगराव मगदुमांच्या घरात हा घाट घातला तो शाल्मलीनं. शाल्मली म्हणजे घरची शालू, त्यांची नऊ वर्षांची नात. तिला अस्वल बघायचं होतं. वाघापुढं सगळं जग गर्दी करतं आणि अस्वलाकडं कोणी ढुंकूनही बघत नाही, तेव्हा त्याला भेटायला आपणच जायचं, असं तिनं एकटीनं ठरवून टाकलं होतं. जुन्या साखर कारखान्याच्या जागेवर उभ्या राहिलेल्या त्या प्राणिसंग्रहालयाचा नकाशा तिनं भिंतीवर चिकटवला होता आणि लाल खडूनं रस्ताही आखला होता. दारातून आत, डावीकडं मगरी, तिथं थांबायचं नाही, सरळ अस्वल. अस्वलासमोर एक तास. तासभर काय करणार गं, असं आईनं विचारलं तर म्हणाली, ते काय करतं ते बघणार. आजोबा बरोबर हवेत ही तिची अट होती, आणि रंगरावांनी दिवाळीतच तसा शब्द देऊन ठेवला होता.

आता नळीचं प्रकरण. दहा-बारा वर्षांपूर्वी माणसांच्या साध्या पडशाचा एक विषाणू प्राण्यांच्या फुप्फुसात शिरला आणि देशभरातले निम्म्याहून जास्त वाघ, बिबटे, अस्वलं पिंजऱ्यात खोकून खोकून मेली. उरलेल्यांना जपायचं तर येणाऱ्या माणसांना तपासणं आलं. नुसता ताप मोजून भागेना, कारण विषाणू अंगात शिरल्यावर ताप यायला चार-पाच दिवस लागतात. मग शास्त्रज्ञांनी कुत्र्याकडून धडा घेतला. कुत्र्याला माणसाचे कितीतरी आजार वासावरून कळतात. अंगातलं सगळं रक्त मिनिटभरात एकदा फुप्फुसातून फिरून जातं आणि जाताना आपल्यातले हलके वायू श्वासात सोडून जातं. पेशी आजारी पडली की तिचं खाणंपिणं बदलतं, आणि ती सोडते ते वायूही बदलतात. प्रमाण इतकं बारीक की अब्जात एखादा कण. तो कण ओळखणारं यंत्र निघालं. नखाएवढ्या चकतीवर, नाकात असतात तसली चार हजार प्रथिनं बसवलेली. लोक त्याला सरळ ‘नाक’ म्हणू लागले.

हे नाक एकदा हुंगायला लागलं की पडशावर थांबायचं नाही. मधुमेह, यकृत, रक्ताचे आजार, सगळंच त्याला कळायचं. म्हणून कायदा झाला, की मोठ्या माणसाच्या श्वासात जे सापडेल ते त्याच्या घरी कळवायचं. मुलांचं मात्र वेगळं होतं. वाढत्या अंगाचा वास दर महिन्याला बदलतो आणि नाक फसतं. सुरुवातीला हजारो आईबाप धडधाकट मुलांना घेऊन दवाखान्यांचे उंबरे झिजवत बसले. तेव्हा असं ठरलं, की चौदा वर्षांखालच्या मुलांच्या श्वासात फक्त संसर्ग शोधायचा, बाकी काही हुंगायचंच नाही. मुलांच्या नळीला पिवळं टोपण, मोठ्यांच्या नळीला निळं.

मगदुमांकडं तीन निळ्या आणि एक पिवळी अशा चार नळ्या आल्या. सकाळी उपाशीपोटी, टोपणावरच्या काचेवर आपला अंगठा ठेवून, सलग बारा सेकंद फुंकायचं. कोणाची नळी ते अंगठ्यावरून ओळखायचं. मध्येच श्वास तुटला तर लाल दिवा. प्रत्येक नळीला दोन वेळा संधी. आणि घरातल्या एकाची जरी नळी बाद झाली, तरी एका छताखाली राहणाऱ्या सगळ्यांचा पास सहा महिने रद्द.

रंगरावांचं घोडं अडलं ते इथं. सांगलीच्या हळदीच्या बाजारात एकेचाळीस वर्षं तोलारी केलेला हा माणूस. पोती काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं, हे काम. हळदीची धूळ छातीत जाऊन बसली ती बसलीच. तीन डॉक्टरांनी तेच सांगितलं होतं, की आबा, आजार काही नाही, धूळ आहे, खोकला असाच राहणार. पण त्या बाजारात त्यांचा मान होता. एकेचाळीस वर्षांत त्यांनी काट्याला बोट लावलं नव्हतं, ना शेतकऱ्याच्या बाजूनं, ना अडत्याच्या. हे ते सगळ्यांना सांगायचे, आणि खरं सांगायचं तर जरा जास्तच वेळा सांगायचे.

मंगळवारी सकाळी मुलगा सुहास आणि सून वर्षा आपापल्या नळ्या भरून डब्याच्या नि आंघोळीच्या घाईला लागले. सुहास बँकेत, वर्षा शाळेत शिकवायला. रंगराव आपली नळी घेऊन मागच्या गॅलरीत जाऊन बसले. पाचव्या सेकंदालाच खोकल्याची उबळ आली आणि लाल दिवा लागला. आता एकच संधी उरली होती. शेजारी शालू शाळेचे मोजे चढवत बसली होती. तिनं आपली पिवळी नळी केव्हाच भरून ठेवली होती.

“द्या आजोबा, मी फुंकते,” ती म्हणाली. “तुम्ही नुसता अंगठा ठेवा.”

रंगराव म्हणाले, असलं काही करायचं नसतं. ती म्हणाली, मग आपण जायचंच नाही का? रंगरावांनी नळी हातात फिरवली. छातीत धूळ आहे, ती काही अस्वलाला लागत नाही. आपल्याला दुसरा आजार नाही. मग यात फसणार कोण? असा हिशोब त्यांनी मनाशी केला, आणि तो दिसायला अगदी चोख होता. त्यांनी काचेवर अंगठा दाबला आणि नळीचं तोंड नातीपुढं धरलं.

तिनं गाल फुगवून फुंकायला सुरुवात केली आणि रंगराव पुकारायला लागले. तोलारी माणूस एक असं कधी म्हणत नाही. पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन. “लाभ… दोन… तीन… चार…” शालूचे डोळे हसत होते. बाराला हिरवा दिवा लागला तरी तिच्याकडं श्वास शिल्लक होता, तो तिनं आजोबांच्या तोंडावर सोडला. मग म्हणाली, कोणाला सांगायचं नाही हं. रंगराव म्हणाले, नाही सांगायचं. गळ्याची शपथ झाली आणि दोघं चहा-दूध प्यायला गेले.

गुरुवारी उत्तर आलं, सुहासच्या फोनवर. चौघांनाही प्रवेश मंजूर. शाल्मलीच्या नावापुढं लिहिलं होतं, संसर्ग नाही. रंगरावांच्या नावापुढं लिहिलं होतं, संसर्ग नाही, आणि खाली चार ओळी जास्त होत्या. रक्ताच्या तीव्र कर्करोगाची खात्रीची खूण. पंचाहत्तरीपुढं याचे कडक उपचार सहसा झेपत नाहीत. त्रास कमी राहील असं बघावं. पेशंटला आनंदात ठेवावं.

सुहासनं ते वाचलं, वर्षाला वाचायला दिलं, आणि दोघांनी बंद दाराआड रडून घेतलं. मग त्यांनी तेच केलं जे आपल्याकडं घरोघर करतात. म्हाताऱ्या माणसाला सांगायचं नाही. घाबरेल, खचेल, उद्याचं आज होईल. रंगरावांनी स्वतःच्या बायकोला तिच्या शेवटच्या पाच महिन्यांत पित्त झालंय असंच सांगितलं होतं. सुहास तेव्हा वीस वर्षांचा होता, आणि हे घरात कसं करायचं असतं ते तो बापाकडूनच शिकला होता. वर्षानं एकदा म्हटलं, मिरजेला दाखवून तरी आणू. तर तो म्हणाला, कशाला सुया टोचून हाल करायचे, त्यांना शालूबरोबर अस्वल बघायचंय, तेवढं सुखानं बघू दे, मग दाखवू. वर्षालाही ते पटलं. हे सगळं रंगरावांना कळलं ते दहा दिवसांनी.

त्या दहा दिवसांत रंगरावांचे लाड सुरू झाले. खपली गव्हाची खीर झाली, वर तूप. खोकल्यामुळं बंद केलेलं दही परत ताटात आलं. सुहास बँकेतून लवकर येऊन त्यांच्या खाटेशी बसायला लागला आणि हळदीच्या बाजारातल्या जुन्या गोष्टी विचारायला लागला, ज्या ऐकून एरवी तो उठून जायचा. गडहिंग्लजहून लेक उज्ज्वला अचानक दोन दिवस राहून गेली. स्वयंपाकघरात तिचे डोळे लाल दिसले तेव्हा म्हणाली, कांदा फार झोंबतोय आबा. रंगरावांना जरा नवल वाटलं. पण कौतुक कोणाला नको असतं? त्यांना वाटलं, म्हातारपणी पोरं शहाणी झाली. प्राणिसंग्रहालयाची तयारीही जोरात होती. आबांना चालवणार नाही म्हणून चाकाची खुर्ची सांगून ठेवली, दशम्या आणि शेंगांची चटणी न्यायची ठरली, आणि अस्वलासमोर तास नव्हे, दोन तास थांबायचं असं सुहासनं नकाशावर स्वतः लिहिलं. शालूनं बापाला मिठी मारली.

मिठी मारून ती तिथंच बसून राहिली. अलीकडं तिचं असंच चाललं होतं. शाळेतून आली की दप्तर दारात टाकून आडवी व्हायची. वर्षा म्हणायची, जायचं म्हणून नुसती नाचते, मग दमते. एका संध्याकाळी अंग गरम लागलं, औषध दिलं, सकाळी ताप नव्हता. तिच्या नडगीवर नाण्याएवढे निळे डाग होते. ते रंगरावांनीच पाहिले. हे काय गं, असं विचारल्यावर ती म्हणाली, बाकाला धडकले असेन. दोन दिवसांनी दंडावर तसाच डाग दिसला. रंगरावांनी सुनेला सांगितलं, पोरीकडं जरा बघ. वर्षा हो म्हणाली आणि त्यांच्याच पाठीखाली उशी सरकवून गेली. घरातली सगळी माणसं डोळ्यांत तेल घालून म्हाताऱ्याला जपत होती. तो झोपला तरी त्याचा श्वास बघून जायची. पोरीकडं बघायला डोळेच उरले नव्हते.

रविवार उजाडला. शालूनं सकाळी निम्मी दशमी टाकून दिली, पण गाडीत बसल्यावर डोळे मिटून का होईना नकाशा तोंडपाठ म्हणून दाखवला. दारातून आत, डावीकडं मगरी, सरळ अस्वल.

दाराशी कमान होती. तिच्यातून जाताना आजच्या दिवसाचा संसर्ग तपासला जायचा. सुहास, वर्षा, शालू, तिघांनाही हिरवा दिवा लागला. रंगराव पुढं झाले तर रखवालदारानं पास बघितला आणि त्यांना शेजारच्या खोलीत जायला सांगितलं. सुहासचा चेहरा उतरला. म्हणाला, आबा, म्हाताऱ्या माणसांना असं नेतात, तुम्ही जा, काही बोलू नका. आत एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं तोंडावर मऊ वाटीसारखं काहीतरी लावलं आणि म्हणाली, फुंकायचं नाही आजोबा, दोन मिनिटं आपला नेहमीचा श्वास घ्या, खोकला आला तरी चालेल. चोरी पकडली जाणार आणि पास जाणार, एवढीच रंगरावांची भीती होती.

डॉक्टरिणीनं पडद्यावरचे आकडे दोनदा ताडून पाहिले. मग तिनं सुहासला आत बोलावलं.

“यांच्या श्वासात ती खूण नाहीये,” ती म्हणाली. “छातीत जुनी धूळ आहे, बाकी काही नाही. पहिल्या नळीत काहीतरी घोटाळा झालाय. दोन्ही श्वास एका माणसाचे वाटत नाहीत.”

सुहास बापाच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. रडता रडता सगळं सांगून मोकळा झाला. पत्र, त्या चार ओळी, रक्ताचा कर्करोग, उज्ज्वलाचा कांदा, खीर. दहा दिवस आबा, दहा दिवस आम्ही आतल्या आत मरत होतो, आणि यंत्र चुकलं होतं हो. वर्षा दारातूनच ऐकत होती, तिनं पदर तोंडाला लावला आणि रंगरावांच्या पायाशी बसली. डॉक्टरीणही हसायला लागली. ती सुहासला समजावत होती, की ही तपासणी पेशंटच्याच भल्यासाठी असते. या आजारात अंगात जंतूंशी लढायला काही उरत नाही, पिंजऱ्यांजवळच्या वाळल्या गवतातली बुरशीसुद्धा जीव घेऊ शकते, म्हणून खूण असलेल्या माणसाला दाराशी पुन्हा तपासतात, आणि ती पक्की निघाली तर आत सोडत नाहीत. आता यांना खुशाल न्या, ती म्हणाली, आणि तिनं पासावर बोट ठेवून चौथा हिरवा दिवा लावला.

रंगराव हसले नाहीत. यंत्र चुकलं नव्हतं. हे त्या खोलीत एकट्या त्यांनाच माहीत होतं. त्या नळीत जो श्वास होता तो कोणाचा होता, याला त्यांचा अंगठा साक्षी होता. गॅलरीतली सकाळ, फुगलेले गाल, तोंडावर सोडलेला उरलेला श्वास, सगळं त्यांना एकदम आठवलं. नडगीवरचे डाग आठवले. निम्मी टाकलेली दशमी आठवली.

बाहेर कमानीपलीकडचं दार उघडत होतं. शालू बाकावरून उठली आणि नकाशा हातात घेऊन आत निघाली, धावत नव्हे, चालत, एक हात भिंतीला लावून. रंगरावांच्या मनात एक नीच विचार येऊन गेला, की अर्धा तास गप्प बसावं. अर्ध्या तासानं काय होणार आहे? पोरीला अस्वल बघू दे. नंतर सांगू, सुखानं सांगू. आणि मग त्यांना उमगलं, की सुहासनंही हेच म्हटलं असणार, याच शब्दांत, दहा दिवसांपूर्वी.

ते उठले, मुलाला बाजूला सारलं आणि खोकत खोकत पळत सुटले. पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस, पण दाराच्या आत पाऊल पडायच्या आधी त्यांनी तिचं मनगट पकडलं. घाईत जरा जोरातच पकडलं. ती ओरडली. त्यांनी हात सोडला तेव्हा तिच्या गोऱ्या मनगटावर त्यांची चारही बोटं लाल उमटली होती, आणि बघता बघता ती लाली निळसर व्हायला लागली.

सुहास मागून आला, हसत, डोळे पुसत. त्याला वाटलं आबा आनंदानं पळाले.

“सुहास,” रंगराव म्हणाले, “त्या नळीवर अंगठा माझा होता. फुंक हिची होती.”

सुहासला ते पटकन कळलं नाही. वर्षाला कळलं. तिनं पुढं होऊन शालूला उचलून घेतलं. नऊ वर्षांची मुलगी, बरीच वर्षं तिला कोणी उचललं नव्हतं. ती उचलायला फारच हलकी लागली.

“आजोबा, सांगायचं नाही ठरलं होतं,” शालू आईच्या खांद्यावरून म्हणाली. तिला वाटलं तिच्यामुळंच पास गेला. नकाशा दारातच पडला, आणि मागून आलेल्या कुटुंबानं तो तुडवला.

गाडी मिरजेच्या दवाखान्याकडं निघाली. रंगरावांना वाटत होतं, सुहासनं आपल्याला शिव्या घालाव्यात. सुहासला वाटत होतं, आबांनी आपल्याला विचारावं की मला का सांगितलं नाहीस. सांगितलं असतं तर त्याच गुरुवारी म्हातारा फुंकेचं खरं बोलला असता, हे दोघांनाही कळत होतं. चूक कोणाची, हे त्या घरात अजूनही कोणी कोणाला विचारलेलं नाही.

डॉक्टर वयस्कर होते. त्यांनी शालूची नडगी पाहिली, मान चाचपली, ताप मोजला. एकशे दोन होता. या वयात हा आजार दहातल्या आठ-नऊ मुलांचा पूर्ण बरा होतो, असं ते म्हणाले, आणि वर्षानं पहिल्यांदा मान वर केली. मग त्यांनी विचारलं, खूण सापडल्याचं पत्र केव्हा आलं होतं?

“दहा दिवस झाले,” सुहास म्हणाला.

डॉक्टरांनी ती तारीख लिहून घेतली. लिहिताना पेन मध्येच थांबलं. लगेच आला असतात तर ताप यायच्या आधी उपचार सुरू करता आले असते, एवढंच ते म्हणाले. आता आधी तापाशी लढावं लागेल, आणि त्यासाठी हिच्या रक्तात काय उरलंय ते बघू. रक्त काढायला माणूस येत होता. तोवर श्वासाची खात्री करून घेऊ म्हणून त्यांनी कपाटातून नळी काढली. निळ्या टोपणाची. मुलांसाठी ही वापरायची तर खास सही लागायची, ती त्यांनी केली.

शालूनं नळी हातात घेतली. टोपणावर या वेळी अंगठा तिचाच होता. तिनं आजोबांकडं बघितलं. रंगराव तिच्यासमोर गुडघे टेकून बसले आणि पुकारायला लागले, कारण दुसरं काही त्यांच्या हातात नव्हतं.

“लाभ… दोन… तीन… चार…”

पाचला तिचे ओठ थरथरले. सहाला नळी खाली आली आणि लाल दिवा लागला. त्या मंगळवारी बारा झाल्यावरही ज्या पोरीकडं श्वास उरला होता, ती आता खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून धापा टाकत होती. वर्षानं तिचं कपाळ पुसलं.

“आजोबा,” शालूनं विचारलं, “अजून एकदा देतात ना?”

रंगरावांनी डॉक्टरांकडं पाहिलं. डॉक्टर अजून त्या तारखेकडंच बघत होते.